गुलमर्ग-औलीच्या आधी सेमिनरी हिल्सचा उतार

गुलमर्ग किंवा औलीच्या बर्फावर स्कीइंग शिकताना उतार दिसला की भीतीने अंग मागे जातं, आणि तिथेच सगळं बिघडतं. वजन टाचांवर गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, वळायचं नाव घेत नाहीत आणि मांड्या पेटतात. ही सवय नागपुरातच मोडता येते.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर खाली तोंड करून उभे राहा. पाय कमरेइतके रुंद, हात पुढे, हातांचे दोन्ही पंजे नजरेत. आता वाका, पण आधी घोट्यातून, मग गुडघ्यातून. बर्फावर याची खूण एकच : नडगी बुटाच्या जिभेला (पुढच्या पट्टीला) सतत टेकलेली हवी. नुसतं खुर्चीत बसल्यासारखं वाकलात तर वजन पुन्हा मागेच.

बर्फावर वेग आवरायला स्कीची पुढची टोकं जवळ आणा (एकमेकांवर चढू देऊ नका) आणि टाचा बाहेर ढकला. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार द्या; खांदे फिरवून काही होत नाही.

मोजे मात्र एकच जोडी, पातळ आणि लांब. थंडीच्या धास्तीने दोन घातले की बूट आवळतो, रक्त अडतं, पाय उलट जास्त गारठतात.