राजीनामा देताना किती दिवसांची नोटीस द्यावी

नव्या ठिकाणचे ऑफर लेटर हाती पडल्यानंतर, पण राजीनामा लिहिण्याआधी, आपले जुने नेमणूकपत्र काढून नीट वाचावे. परिवीक्षेच्या काळात एक मुदत आणि कायम झाल्यावर दुसरी, असे त्यात पुष्कळदा लिहिलेले असते. नोटिशीऐवजी पैसे भरून लवकर सुटता येते का, ते मूळ पगारावर धरायचे की एकूण पगारावर, आणि शिल्लक रजा नोटिशीत वळती होते का, हेही तिथेच पाहावे. जळगाव-धुळ्याहून पुण्याला गेलेल्या मुलामुलींच्या पत्रांत ६० किंवा ९० दिवसांची मुदत असणे आता नवलाचे राहिलेले नाही. अशांनी नव्या नोकरीच्या मुलाखतीतच खरी मुदत सांगावी; आधी ‘महिन्याभरात येतो’ म्हणून शब्द द्यायचा आणि मग वाढीव वेळ मागायचा, यात नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी विश्वास कमी होतो.

खासगी संस्थांच्या शाळांतील शिक्षकांना मात्र मुदत स्वतः ठरवायची नसते. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची आणि अस्थायी कर्मचाऱ्याने एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. लवकर जायचे झाल्यास संस्थेच्या संमतीने तितक्या काळाचे वेतन भरता येते. नोटिशीच्या काळात सुट्टीचा कोणताही भाग येता कामा नये, म्हणून जूनच्या मध्यावर दुसऱ्या शाळेत रुजू व्हायचे असेल, तर उन्हाळी सुट्टी लागण्याआधीच तीन महिने पुरे होतील अशा बेताने कायम शिक्षकाचा राजीनामा गेलेला असला पाहिजे. ही नियमावली ज्या १९७७ च्या अधिनियमाखाली झाली, त्यात राजीनाम्याच्या दोन प्रती करून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवण्याची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवण्याची पद्धत सांगितलेली आहे. ती शिक्षकाच्याच हिताची असल्यामुळे, कार्यालयात बसवून कोणी कागदावर सही मागितली तरी ती देऊ नये.

खरी अडचण नेमणूकपत्रच नसलेल्यांची आहे, आणि खान्देशात असे लोक फार आहेत. जळगावच्या डाळमिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात, सराफी पेढीवर, केळीच्या व्यापाऱ्याकडे, तालुक्याच्या जिनिंगमध्ये माणूस शेठच्या शब्दावर लागतो आणि वर्षानुवर्षे राहतो. कागदावर मुदत नसली, तरी माझ्या मते महिना पगारावरच्या माणसाने ३० दिवस द्यावेत. वर्षही झालेले नसेल आणि काम दुसऱ्याला सहज जमण्यासारखे असेल, तर १५ दिवस पुरेसे आहेत. ज्याच्याकडे हिशेब, गोदामाच्या किल्ल्या किंवा एखादे खास मशीन आहे, त्याने केवळ आपल्यालाच येणाऱ्या कामांची यादी करावी, प्रत्येक काम शिकवायला किती दिवस लागतील ते पुढे लिहावे आणि त्या बेरजेवरून मुदत ठरवावी. बेरीज महिन्याच्या आत असेल, तर भिडेखातर महिन्याहून अधिक दिवस देऊ नयेत, कारण राजीनामा दिल्यावर ‘उद्यापासून येऊ नका’ असे ऐकावे लागण्याची शक्यता नेहमीच असते. एक महिना पगाराविना घर चालेल, एवढी तजवीज आधी करून ठेवावी.

हंगामाचाही विचार करावा. कपाशीची आवक भरात असताना जिनिंगचा हिशेबनीस निघून गेला, किंवा ३१ मार्चच्या तोंडावर पतसंस्थेचा लेखनिक गेला, तर मागे राहिलेल्या सहकाऱ्यांचे हाल होतात. नवी नोकरी थोडी थांबणार असेल, तर हंगाम उरकून जाणेच बरे. घेतलेली उचल किती फिटली आणि किती बाकी आहे, हे नोटीस देण्यापूर्वी मालकाच्या वहीतून लिहून घ्यावे. मूळ गुणपत्रिका मालकाकडे असतील, तर त्याही आधीच परत मिळवाव्यात.

पगार महिनोन्‌महिने थकला असेल, शिवीगाळ होत असेल किंवा कामाच्या जागी जिवाला धोका असेल, तर मुदत कमी करण्यात काही गैर नाही. कोणालाही बळजबरीने नोकरीत ठेवण्याचा आदेश न्यायालय देत नाही. करार मोडल्यास प्रश्न उरतो तो भरपाईच्या पैशांचा.

शेवटच्या दिवसाची तारीख निश्चित करण्यापूर्वी रुजू झाल्याची तारीख तपासावी. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत कायम कामगाराला सलग ५ वर्षांच्या सेवेनंतर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, आणि ती दरवर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे मोजली जाते. म्हणून पाच वर्षांना दोन महिने कमी असतील, तर ते दोन महिने काढावेत. दिवाळीच्या बोनससाठी मात्र अडकून पडण्याचे कारण नाही. ज्यांना बोनसचा कायदा लागू आहे, त्यांनी त्या हिशेबी वर्षात किमान ३० दिवस काम केले असेल, तर नोकरी सोडल्यानंतरही त्या वर्षाचा बोनस मागता येतो.

राजीनाम्याच्या पत्रात ‘एक महिन्याची नोटीस’ एवढेच न लिहिता कामाचा शेवटचा दिवस तारखेसह लिहावा आणि अनुभव प्रमाणपत्राची मागणी त्याच पत्रात करावी. नोटीस पत्र पोहोचल्यापासून मोजली जाते, म्हणून दुसऱ्या प्रतीवर मालकाची सही, शिक्का व तारीख घ्यावी. मालक पोच द्यायला तयार नसेल, तर त्याच दिवशी पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी आणि टपालात जाणारे दोन-तीन दिवस शेवटच्या तारखेत आधीच धरावेत.