किनाऱ्यावरचं लग्न, जिथे आजीआजोबाही आपापले मांडवात पोहोचतील

पुण्याहून कोकणात जाऊन समुद्रकिनारी लग्न करायचं ठरलं की आधी रिसॉर्टचे फोटो फिरतात. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मावशींचा किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या आजोबांचा विषय निघतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘चार पोरं आहेत, खुर्चीसकट उचलून नेऊ.’ हा बेत तिथेच मोडून काढा. आजोबांना मधेच बाथरूमला जावंसं वाटलं तर पुन्हा चार पोरं शोधायची का? यायला, बसायला आणि मनात येईल तेव्हा उठून जायला त्यांना कोणाची वाट बघावी लागू नये, या कसोटीवर सगळी तयारी करा.

आधी फोन

आमंत्रणाच्या आधी प्रत्येकाशी थेट बोला, त्यांच्या मुलांशी नव्हे. ‘काही मदत लागेल का’ असं विचारलं तर बहुतेक जण ‘छे, काही नको’ म्हणतात. त्यापेक्षा नेमकं विचारा: किती पायऱ्या चढता येतात? सलग किती वेळ बसवतं? कमोडच लागतो का? व्हीलचेअर घडीची आहे की बॅटरीवरची? खुर्चीची बाहेरून रुंदी मोजून घ्या. साधी खुर्चीही 25-26 इंचांची भरते आणि बाथरूमचं दार बरेचदा तिथेच हरतं.

जागा

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव-म्हसळामार्गे दिवेआगर किंवा खोपोली-पेणमार्गे अलिबाग हा एका सकाळचा प्रवास आहे. गणपतीपुळ्याला जवळजवळ अख्खा दिवस जातो. पाठ किंवा कंबर दुखणाऱ्यांचा विचार करून जवळचं ठिकाण घ्या आणि त्यांना आदल्या दिवशीच न्या. टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, त्यांच्यासाठी कमी उंचीची गाडी वेगळी ठेवा. घाटात सोयीचं स्वच्छतागृह मिळेलच असं नाही, म्हणून घाट लागण्याआधी थांबा.

राहायची जागा स्वतः जाऊन बघा, हातात टेप घेऊन. मालक ‘एकच पायरी आहे हो’ म्हणतात, ती एक पायरीही व्हीलचेअरला भिंत असते. खोली तळमजल्यावर हवी. बाथरूमचं दार उघडल्यावर मोकळी जागा 32 इंच आणि आत खुर्ची वळवायला 5 फूट मिळाली तर उत्तम. कमोडशेजारी पक्की दांडी हवी. कमोड खुर्ची पुण्यातल्या सर्जिकलच्या दुकानांत भाड्याने मिळते, एक सोबत न्याच. जिथे लॉन थेट वाळूला भिडतं अशी जागा मिळाली तर मांडव लॉनच्या कडेला घाला. समुद्र तेवढाच दिसतो आणि पुढची निम्मी कामं वाचतात.

मुहूर्त आणि भरती

वाळूवरच लग्न हवं असेल तर पंचांग दोन कामांसाठी उघडा. कोकणात जुना ठोकताळा आहे: पक्षातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी ओहोटी असते.

गोरज मुहूर्त धरला असेल तर मला अष्टमीच्या आसपासचा दिवस आवडतो. पाणी मांडवाजवळ येतं, पण ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती असल्याने उधाणासारखी वर चढत नाही. पौर्णिमेच्या संध्याकाळी समुद्र लांब गेलेला असतो. बसलेल्या माणसाला तो जेमतेम दिसतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून आणि गावातल्या कोळ्यांना विचारून पक्की करा. किनाऱ्यावर मांडव घालायला परवानगी लागते, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत आधीच करा.

वाळूवरची वाट

खरं काम इथे आहे. कोरड्या वाळूत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात, काठी आणि वॉकरही खचतात. नुसतं हिरवं कार्पेट अंथरून काही होत नाही, चाकाखाली त्याच्या घड्या पडतात. डेकोरेटरला 18 मिमीचा प्लाय मागा. 8 बाय 4 फुटांचे तक्ते लांबीला लांबी लावले की 4 फूट रुंद वाट होते. 60 फुटांना आठ तक्ते लागतात. वाळूवर पाणी मारून ती धुमसून सपाट करायची. जोडाखाली पट्टी टाकून दोन्ही तक्ते तिला स्क्रूने बसवायचे, म्हणजे एक कड वर येत नाही. वर कार्पेट ताणून ठोका. दोन्ही कडांना दोन इंची लाकडी पट्टी मारा, चाक घसरत नाही. वळणावर आणि बसायच्या जागी दोन तक्ते शेजारी शेजारी टाका. झालं की रिकामी व्हीलचेअर नको, त्यात माणूस बसवून ढकलून बघा.

स्टेज

डेकोरेटर सवयीने दोन फुटी स्टेज करतात. उताराचा नियम एकास बारा आहे, म्हणजे दोन फुटांना 24 फूट लांब रॅम्प लागेल. स्टेज सहा इंचांचं ठेवा, सहा फुटांत भागतं. नवरा-नवरीनेच खाली उतरून वडीलधाऱ्यांच्या खुर्चीपाशी नमस्काराला यावं, फोटोही तिथेच काढावेत.

मंगलाष्टकांना सगळे उभे राहतात आणि बसलेल्यांना पाठी तेवढ्या दिसतात. म्हणून व्हीलचेअर आणि हातांच्या खुर्च्या पुढे, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना ठेवा. त्यांच्यापुढे कोणी उभं राहू नये, हे गुरुजींना आधीच माइकवर सांगायला सांगा. अक्षता तिथे आधी पोहोचवा. वारा समुद्रावरून येतो, तेव्हा होमाच्या धुराच्या दिशेला दम्याच्या माणसाला बसवू नका.

पंगतीला गुडघे आत जातील असं टेबल हवं. मांडवापासून बाथरूमपर्यंतची वाटही प्लायचीच करा आणि अंधार पडायच्या आत तिथले दिवे लावून ठेवा. जवळचं रुग्णालय किती दूर आहे ते गाडीने जाऊन पाहून घ्या. 108 ची रुग्णवाहिका कुठून येते तेही विचारून ठेवा. आजोबांची खोली रोषणाईच्या जनरेटरपासून लांबची मागा.