चढत्या संघाशी गाठ पडण्याआधी

अमेरिकेतल्या महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कॉन्फरन्सचा, म्हणजे कॉलेजांच्या गटातला, सामना आठवड्यावर आला आणि समोरचा संघ ओळीने जिंकत सुटलेला असला, की बहुतेक जण त्यांचा शेवटचा विजय बघतात, त्यांच्या सर्वांत मोठ्या खेळाडूचे गुण बघतात आणि अंदाज बांधून मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की चढत्या संघाबद्दल आधी एकच प्रश्न विचारावा: हा संघ ज्या जोरावर जिंकतोय, त्यातलं काय त्याच्याबरोबर परक्या मैदानावर येतं आणि काय घरीच राहतं? पुढची सगळी तयारी या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. उदाहरण म्हणून २०२४-२५ चा साउथ कॅरोलायना आणि टेक्सस या विद्यापीठांचा हंगाम धरतो, कारण हे दोन संघ तेव्हा चार वेळा समोरासमोर आले आणि चारही वेळा मैदान वेगळं होतं.

आधी पार्श्वभूमी पक्की करा. टेक्सस जुलै २०२४ मध्ये एसईसी (साउथईस्टर्न) कॉन्फरन्समध्ये आलं. तिथे कोच डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलायनाचं राज्य होतं: २०१७, २०२२ आणि २०२४ ची राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातलं शेवटचं तर ३८-० अशा निष्कलंक हंगामानंतर. टेक्ससचे कोच विक शेफर या कॉन्फरन्सला नवे नव्हते. २०१७ मध्ये ते याच कॉन्फरन्समधल्या मिसिसिपी स्टेटचे कोच होते. त्यांच्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत कनेक्टिकटची सलग १११ विजयांची मालिका तोडली आणि अंतिम सामन्यात त्या स्टेलींच्याच संघाकडून ६७-५५ ने हरल्या. दोन कोच एकमेकांना किती ओळखतात हे आधी माहीत असेल, तर पहिल्या पाच मिनिटांत कोण कोणाला काय दाखवतंय आणि काय लपवतंय ते कळायला लागतं.

मग कॅलेंडर काढा. एसईसीतले महिलांचे सामने बहुतेक गुरुवारी आणि रविवारी असतात. रविवारचा सामना असेल तर गुरुवारी कोण कुठे खेळलं, कोणाला विमानप्रवास पडला, कोणाचा सामना ओव्हरटाइमपर्यंत लांबला हे लिहून ठेवा. मधल्या दोन दिवसांत एक दिवस विश्रांतीत जातो आणि खरा सराव एकाच दिवसाचा होतो. एवढ्यात नवीन बचाव बसवता येत नाही, म्हणून संघ आधीपासून येत असलेल्या गोष्टीच जास्त जोरात करतो. काही नवं दिसलंच, तर ते बाजूरेषेवरून चेंडू आत टाकतानाच्या एखाद्या आखलेल्या चालीत दिसेल.

आता विजयी मालिका उकला. यात घाई करू नका, सगळा खेळ इथे आहे. प्रत्येक विजयासमोर तीन गोष्टी मांडा: सामना घरी होता की बाहेर, समोरचा संघ त्या आठवड्यात कोणत्या अवस्थेत होता आणि शेवटची पाच मिनिटं सुरू होताना फरक किती होता. तळाच्या संघांवर घरच्या मैदानात तीस-तीस गुणांनी मिळवलेले विजय मालिका लांबवतात, पण त्यातून फारसं काही कळत नाही. बाहेर जाऊन चार गुणांनी खेचून आणलेला विजय कितीतरी जास्त सांगतो. एपी या वृत्तसंस्थेची क्रमवारी दर सोमवारी येते आणि मतांवर ठरते, त्यामुळे ती मालिकेच्या लांबीला भुलते. राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीसाठी वापरली जाणारी नेट क्रमवारी घर आणि बाहेर यांत फरक करते. दोन्ही शेजारी ठेवा. अंतर मोठं दिसलं तर का ते शोधा.

टेक्ससची मालिका अशी उकलली तर काय दिसतं? १२ जानेवारी २०२५ ला कोलंबियात, साउथ कॅरोलायनाच्या घरी, त्या ६७-५० अशा हरल्या. त्यानंतर नियमित हंगाम संपेपर्यंत कॉन्फरन्समधला एकही सामना त्यांनी गमावला नाही. महिन्याभराने, ९ फेब्रुवारीला, ऑस्टिनच्या मूडी सेंटरमध्ये, म्हणजे स्वतःच्या मैदानात, त्यांनी साउथ कॅरोलायनाला ६६-६२ ने हरवलं आणि त्या संघाची कॉन्फरन्सच्या नियमित हंगामातली सलग ५७ विजयांची मालिका संपवली. त्याआधी साउथ कॅरोलायना असा सामना हरली होती तो डिसेंबर २०२१ मध्ये, मिझुरीविरुद्ध, ओव्हरटाइममध्ये एका गुणाने. सतरा गुणांचा पराभव महिन्यात चार गुणांच्या विजयात बदलला, तर संघ केवढा सुधारला असंच वाटतं. सुधारला होताच. पण पुढचे दोन आकडेही बघा: ९ मार्चला ग्रीनव्हिलमध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायना ६४-४५, आणि ४ एप्रिलला टॅम्पात राष्ट्रीय उपांत्य सामन्यात साउथ कॅरोलायना ७४-५७. तीन विजय १७, १९ आणि १७ गुणांचे, आणि ऑस्टिनमध्ये तेवढा चार गुणांचा पराभव. फेब्रुवारीतल्या त्या रविवारनंतर मी अंदाज बांधताना घरच्या मैदानाचं वजन वाढवलं आणि मालिकेचं कमी केलं. ग्रीनव्हिल दोघींपैकी कोणाचंच मैदान नसलं, तरी ते साउथ कॅरोलायना राज्यातच आहे, हेही तिथल्या गर्दीचा अंदाज घेताना धरावं लागतं.

आकड्यांसाठी वही घ्या आणि बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यातून, चार रकाने काढा. आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी बास्केटबॉलमधल्या विजयाची ही चार कारणं मांडली आणि त्यांना साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के असं वजन दिलं. पहिलं नेमबाजी. नुसती टक्केवारी घेऊ नका, थ्री-पॉइंटरला (लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या फेकीला) दीडपट मोजा. साठ फेकींपैकी चोवीस आत गेल्या आणि त्यातल्या सहा तीन गुणांच्या असतील, तर चोवीस अधिक तीन (सहाचे निम्मे) भागिले साठ, म्हणजे ४५ टक्के. दुसरं टर्नओव्हर (फेक न टाकताच गमावलेला चेंडू), तिसरं आपल्याच चुकलेल्या फेकीचे परत मिळवलेले रिबाउंड, चौथं फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक). हे सगळं दर सामन्यामागे न मोजता चेंडूच्या दर ताब्यामागे मोजा, नाहीतर वेगाने खेळणारा संघ उगाच चांगला दिसतो. ताबे काढायचे तर फेकी, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४७५. शेवटच्या पाच सामन्यांची बेरीज एका ओळीत, पूर्ण हंगामाची दुसऱ्या ओळीत. जो रकाना अलीकडे बदलला, तिथे संघाची चढती कमान आहे.

तो बदल कोणत्या रकान्यात आहे यावर माझं मत ठरतं. नेमबाजी एकदम सुधारली असेल तर मी सावध राहतो, कारण बाहेरून टाकलेला चेंडू आज बसतो, उद्या नाही बसत, आणि परक्या रिंगवर तर आणखी कमी भरवसा. टर्नओव्हर घडवणं आणि रिबाउंड ओढणं वाढलं असेल तर मी घाबरतो. पायांची चपळाई आणि अंगाची रेटारेटी विमानात बसून बरोबर येते. टेक्ससचा संघ नेमका असाच होता. त्या हंगामात देशात सर्वांत कमी थ्री-पॉइंटर टाकणाऱ्या संघांत त्यांची गणना होती. त्यांचे गुण यायचे ते मधल्या अंतरावरून, रिंगखालून आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातून, आणि त्यांचा बचाव पूर्ण मैदानभर चेंडूच्या मागे लागायचा. अशा संघासमोर पन्नास टक्के नेमबाजी करूनही हरता येतं, कारण तो आपल्याला फेकीच कमी मिळू देतो. म्हणून अशा सामन्याआधी दोन्ही संघ किती फेकी टाकतात याचा फरक वेगळा लिहा.

पण जी शैली बरोबर येते तिलाही वरची मर्यादा असते, आणि ती समोर कोण आहे यावर ठरते. साउथ कॅरोलायनाकडे रिंगखाली तेवढीच ताकद होती आणि बाकावर दुसरा संघच बसलेला असायचा. जॉइस एडवर्ड्स ही पहिल्या वर्षाची मुलगी बाकावरून येऊन संघात सर्वाधिक गुण करत होती. मिलेजिया फुलवायलीही बाकावरूनच यायची. जिथे दुसऱ्या संघांची दहा मिनिटांत दमछाक व्हायची, तिथे इथे नवे पाय मैदानात उतरायचे. चढत्या संघाची शैली आपल्याला लागू पडते का, हे त्याने गेल्या महिन्यात हरवलेल्या संघांकडे बघून कळत नाही. आपल्यासारखाच बांधा असलेला संघ त्यांना कधी भेटला ते शोधा आणि तो एक सामना पूर्ण बघा.

खेळाडूंची यादी दोनदा तपासायची. एकदा तीन दिवस आधी, आणि पुन्हा आदल्या संध्याकाळी, कारण एसईसीत २०२४-२५ पासून कॉन्फरन्सच्या सामन्याआधी कोण खेळू शकेल याची यादी संघांना जाहीर करावी लागते. नुसतं नाव बघून पुढे जाऊ नका, ती नसताना तिचं काम कोण करतं ते बघा. ५ जानेवारीला अॅश्लिन वॉटकिन्सच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला आणि साउथ कॅरोलायनाने एक झेप घेणारी, चेंडू अडवणारी खेळाडू गमावली. टेक्ससची गोष्ट उलटी. रोरी हार्मन ही त्यांची पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाल रचणारी खेळाडू) डिसेंबर २०२३ मध्ये त्याच दुखापतीने बसली, तेव्हा सहा फूट एक इंच उंचीच्या मॅडिसन बुकरने पहिल्याच वर्षी पॉइंट गार्डची जागा सांभाळली. पुढच्या हंगामात हार्मन परतली आणि बुकर पुन्हा आपल्या जागी गेली, पण चेंडू हाताळण्याची सवय घेऊन. दुखापतीने संघाला काय शिकवलं, हेही यादीत असावं.

मुख्य खेळाडूला कोण अडवणार, यासाठी वहीचं एक पान राखून ठेवा. बुकर मधल्या अंतरावरून उडी मारून हात उंच नेऊन टाकते, त्यामुळे बुटकी गार्ड तिच्यापुढे उभी करून भागत नाही. ऑस्टिनमध्ये तिने २० गुण केले. टॅम्पात तिच्या १७ फेकींपैकी ३ बसल्या आणि टेक्ससचं आक्रमण तिथेच अडकलं. ब्री हॉल आणि रेवन जॉन्सन यांच्यासारख्या बचावपटू आळीपाळीने अंगावर असल्या, की चौथ्या क्वार्टरपर्यंत तिच्या पायातला जोर उतरतो. तुमच्या सामन्यात असं काम करणाऱ्या किमान दोघी आहेत का? एकच असेल तर तिचे फाउल मोजत बसावं लागेल, पाचव्या फाउलला ती बाहेर.

फाउलचा हिशेब महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये वेगळा आहे. २०१५-१६ पासून इथे दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर खेळतात, तर मुलांचे सामने वीस मिनिटांच्या दोन भागांत होतात. प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाचे फाउल शून्यापासून सुरू होतात आणि पाचव्या फाउलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. मैदानभर दाबून खेळणारा चढता संघ क्वार्टर सुरू होताना जास्त आक्रमक असतो, कारण फाउल शिल्लक असतात. क्वार्टरची पहिली तीन मिनिटं वाया घालवू नका.

हे सगळं कशासाठी, असं घरातलं कोणी विचारलं तर मार्च २०२५ ची गोष्ट सांगा. साउथ कॅरोलायना आणि टेक्सस दोघींनी कॉन्फरन्सचे सोळापैकी पंधरा सामने जिंकले. दोघी हरल्या त्या एकमेकींकडूनच. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत पहिलं मानांकन कोणाला द्यायचं हे शेवटी नाणेफेकीने ठरवलं आणि कौल साउथ कॅरोलायनाच्या बाजूने लागला. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या सोळा मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या कॉलेजात खेळायला मिळतात. फेब्रुवारीतला एक सामना मार्चमध्ये घरची गर्दी मिळवून देतो किंवा हिरावून घेतो, म्हणून या मुली तो इतक्या जिवावर उदार होऊन खेळतात, आणि म्हणून आपणही तो तेवढ्याच गांभीर्याने बघायला हवा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर पारदर्शक पिशवीच न्या, कॉलेजांच्या बऱ्याच मैदानांत दुसरी आत नेऊ देत नाहीत. सरावाची वीस मिनिटं चुकवू नका: कोणाच्या गुडघ्याला पट्टा आहे, कोण एकाच पायावर उतरतेय, हे तिथेच दिसतं. पुण्याहून किंवा नागपूरहून बघणाऱ्यांनी वेळ नीट लावावी. थंडीत ऑस्टिन आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं, कोलंबिया साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात. २०२५ मध्ये कॉन्फरन्सचा अंतिम सामना नेमका त्याच दिवशी होता.

सामन्याच्या सकाळी अंदाज लिहा, पण तीन ओळींतच: कोण जिंकेल, कोणत्या रकान्यामुळे, आणि काय दिसलं तर मत बदलाल. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, ती चेंडू उडण्याआधी लिहा, नंतर नाही. मग पहिला क्वार्टर संपला की धावफलक बाजूला ठेवून फक्त दोन आकडे वहीत टिपा: चढत्या संघाने आपल्याच चुकलेल्या किती फेकी परत मिळवल्या आणि समोरच्यांकडून किती टर्नओव्हर काढले. ते त्यांच्या घरच्या सरासरीइतके असतील तर फरक कितीही असो, खुर्ची सोडू नका.