निवृत्त घोडीसाठी नर घोडा निवडताना

घोडी स्पर्धेतून बाहेर पडली ही बातमी लपत नाही. आठवडाभरात फोन सुरू होतात. "ताई, आता भरवणार ना? आमचा घोडा बघून जा. पासष्ट इंच आहे, कानाला कान लागतो." भरवणं म्हणजे घोडीला नर लावणं. सांगणारी माणसं चांगली असतात, घोडेही देखणे असतात. पण नर निवडायचा विचार घोड्याच्या उंचीपासून सुरू करू नका. तो घोडीपासून सुरू करा आणि निम्मं काम घोडा बघायला घराबाहेर पडण्याआधीच उरका.

पहिला प्रश्न, ती निवृत्त का झाली? वय झालं म्हणून, स्वाराचं शिक्षण संपलं म्हणून, तारेत पाय अडकून नस तुटली म्हणून, ही कारणं शिंगरात उतरत नाहीत. पण पळताना पुढच्या पायाची नस पुन्हा पुन्हा सुजत असेल आणि डॉक्टर सांगत असतील की पायाची ठेवणच तशी आहे, तर तेच पाय शिंगराला मिळू शकतात. खुराच्या आतली दुखणी आणि मैदानात माणसावर धावून जाण्याचा स्वभाव यांचंही तेच. अशी घोडी शेवटपर्यंत प्रेमाने सांभाळा, भरवू मात्र नका. तिने किती ट्रॉफ्या आणल्या याने या निर्णयात काही फरक पडत नाही.

माझी कावेरी मारवाडी, रंगाने कुमैत, एन्ड्युरन्सची म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींची घोडी. ८० किलोमीटरच्या राइड्स तिने धडधाकट पुऱ्या केल्या. चौदाव्या वर्षी तिला थांबवलं, कारण उन्हातल्या राइडनंतर नाडी खाली यायला वेळ लागायला लागला होता. पाय तेव्हाही स्वच्छ होते. तिच्यासाठी घोडा शोधताना मी वहीच्या एका पानावर तिचं सगळं लिहून काढलं. चांगलं काय: काळे, टणक खूर, नाल निघाला तरी कड फुटत नाही, पाण्याला आणि चाऱ्याला कधी नाही म्हणत नाही, गर्दीत शांत. उणं काय: पाठ जरा लांब, आणि पुढचा डावा पाय गुडघ्याखाली किंचित बाहेर वळलेला. हे पान प्रामाणिकपणे लिहायचं असेल तर घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला आणि नालबंदाला बोलवा. आपल्याला आपली घोडी नेहमी सरळच दिसते. नालबंदाला मात्र तिचा नाल कोणत्या बाजूने आधी झिजतो ते पाठ असतं.

या यादीतल्या उण्यावर घोडा शोधायचा. लांब पाठ असेल तर आखूड आणि भक्कम पाठीचा, पाय बाहेर वळलेला असेल तर अगदी सरळ पायांचा. एक गैरसमज इथेच काढून टाका. एका टोकाच्या दोषाला उलट्या टोकाचा दोष लावून मधलंच काही मिळेल याची खात्री नसते. घोडीचे मागचे पाय विळ्यासारखे वाकडे असतील आणि तुम्ही खांबासारख्या ताठ पायांचा घोडा लावलात, तर शिंगरू आईवरही जाऊ शकतं नाही तर बापावरही. दोषासमोर बरोबर असलेलाच घोडा हवा. आणि दोन्हीकडे एकच दोष असेल तर तो घोडा तिथेच बाद, बाकी कितीही आवडला तरी.

आता घोडीचं पोट. आयुष्यभर पळालेली आणि कधीच न व्यायलेली चौदा-पंधरा वर्षांची घोडी आतून नाजूक असते. पंधरीच्या पुढे गाभण राहण्याचं प्रमाण घसरत जातं. शिवाय अशा घोडीचं गर्भाशयाचं तोंड माजातही, म्हणजे नर घेण्याच्या दिवसांतही, नीट सैल होत नाही, आणि भरवल्यावर आत पाणी साचून राहतं. म्हणून घोडा ठरवण्याआधी डॉक्टरांकडून सोनोग्राफी आणि गर्भाशयाचा स्वॅब करून घ्या. योनीची ठेवण तिरकी असेल तर शेण आणि हवा आत जाते; त्यावर वरचा भाग शिवायची साधी शस्त्रक्रिया आहे. स्पर्धेच्या काळात माज दाबायची औषधं दिली असतील तर तेही सांगा. अंगानेही ती भरलेली हवी. हेनेके यांच्या १ ते ९ गुणांच्या पट्टीवर ५ ते ६, म्हणजे बरगडी दिसू नये पण हात फिरवला की लागावी. एन्ड्युरन्सची घोडी बहुतेक वेळा याच्या खाली असते. दोन-तीन महिने चारा, हलका व्यायाम आणि विश्रांती दिलीत तर तिचा माज आपोआप नियमित व्हायला लागतो.

आता घोडा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी जे घोडे उभे असतात, ते बघून डोळे निवतात. पण तो घोडा त्या दिवसासाठी सजवलेला असतो. चारी पाय गवतात किंवा वाळूत, मान वर ओढून धरलेली, शेजारी हलगी. बघा, मनसोक्त बघा, मालकाचा नंबर घ्या आणि घरी या. निवड यात्रेत करू नका. महिन्याभराने त्याच्या गावी, न सांगता नव्हे पण सकाळी लवकर जा.

तिथे गेल्यावर आधी घोडा मागू नका, त्याची पोरं मागा. हा माझ्या सगळ्या सांगण्यातला गाभा आहे. घोडा स्वतः कसा दिसतो यापेक्षा तो काय देतो ते महत्त्वाचं, आणि ते फक्त पोरांत दिसतं. एका घोड्याच्या बाबतीत मालकाने मला शेजारच्या वाडीवर नेलं. गोठ्याच्या कडेला त्याची तीन पोरं बांधलेली होती, तीन वेगवेगळ्या आयांची. एक मुष्की, दोन कुमैत. तोंडं निराळी, उंची निराळी. मी मागे जाऊन उभी राहिले आणि तिघांना एकेक करून सरळ चालवून आणायला सांगितलं. तिघांचेही मागचे सांधे चालताना एकमेकांकडे ओढलेले, तिघांचे खूर आतल्या बाजूने झिजलेले. आया तीन, पण चूक एक, म्हणजे ती बापाची. घोडा स्वतः उभा होता तेव्हा ते लक्षातही येत नव्हतं. उलट घोडा साधा असून पोरं एकाहून एक सरस निघालेली असतील, तर मी त्या साध्या घोड्याकडे जाईन. शक्यतो तीन वर्षांवरची पोरं बघा. शिंगरू सगळंच गोड दिसतं. खोगीर चढल्यावर खरं कळतं.

मग घोडा बाहेर काढायला सांगा, डांबरी किंवा मुरमाच्या कडक रस्त्यावर. समोरून येताना, पाठमोरा जाताना आणि बाजूने बघा, आधी चाल, मग दुडकी. आवाज ऐका. चारही खुरांचा ठेका सारखा हवा. पायाच्या नळीवर हात फिरवा. हाड चपटं, घट्ट आणि थंड लागलं पाहिजे, सूज किंवा गाठ नको. तुमची घोडी कष्टाची असेल तर घोड्याने कष्ट केलेत का हे विचारा. आपल्याकडचे कितीतरी नर घोडे ठाणबंद असतात, लग्नात नाचतात किंवा नुसते उभे असतात. पळायला कसे आहेत ते मालकालाही ठाऊक नसतं. अशा वेळी मी एवढंच म्हणते, पंधरा-वीस मिनिटं दुडकीवर फिरवून आणा. माझ्याकडे साधा स्टेथोस्कोप असतो. डाव्या कोपराच्या मागे, पट्टा येतो त्या जागी लावला की ठोके स्वच्छ ऐकू येतात. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. दुडकीनंतर ती कितीवर जाते यापेक्षा दहा मिनिटांत किती खाली येते ते मोजा. एन्ड्युरन्सच्या राइडमध्ये ६४ च्या आत नाडी आल्याशिवाय घोडा पास होत नाही, त्यामुळे मला या दहा मिनिटांची किंमत फार वाटते. घोडा वर्षभर उभा असेल तर तेवढी सूट द्या.

स्वभाव बघायला मोतद्दाराकडे बघा. तो काठी न घेता ठाणात शिरतो का? घोडा कान मागे टाकतो की तोंड पुढे करतो? नर घोड्याला रग असणारच, ती हवीही. पण ज्याला दोन बाजूंनी साखळ्या लावून चौघांनी धरावं लागतं, त्याची पोरं शाळेतल्या मुलांना सांभाळता येणार नाहीत. घोडा बिघडवलेला आहे की मुळातच तसा आहे, हेही पुन्हा पोरांवरूनच कळेल.

उंचीविषयी. बाजार इंचावर चालतो हे मला मान्य आहे, पण ६५ इंची घोडा ५८ इंची घोडीला लावून ६५ इंची शिंगरू मिळेल हा हिशोब खरा नाही. आणि मोठ्या घोड्याचं शिंगरू घोडीला अडेल ही जी भीती असते, तिच्यावर १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी अवाढव्य शायर आणि चिमुकल्या शेटलंड घोड्यांचा उलटसुलट संकर करून उत्तर दिलं होतं. जन्मतः शिंगराचा आकार आईच्या गर्भाशयाने ठरवला होता, शेटलंड आईच्या पोटी शिंगरू लहानच जन्मलं. तरी फार तफावत मी टाळते, कारण लहान चौकटीवर मोठ्या घोड्याचं डोकं आणि मान आली की घोड्याचा तोल जातो.

भोवऱ्या (अंगावरचे केसांचे भोवरे), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा), रंग हे सगळं विचारून घ्या, कारण शिंगरू विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक ते बघणारच. पण हे शेवटी. चांगला घोडा एका भोवरीसाठी नाकारणं मला पटत नाही.

वंशावळ मात्र नीट बघा. मारवाडीत नाव झालेल्या मोजक्याच घोड्यांची पोरं सगळीकडे पसरलेली आहेत, त्यामुळे राजस्थानातून आणलेला घोडाही तुमच्या घोडीचा सावत्र भाऊ निघू शकतो. सावत्र बहीण-भावाच्या शिंगरात रक्ताची जवळीक १२.५ टक्के येते, ती नकोच. दोघांचा एकच आजा असेल तर ती ३ टक्क्यांच्या आसपास, ते चालून जातं. नोंदणीचे कागद आणि मायक्रोचिपचा नंबर घोड्याशी जुळवून बघा. घोडी भीमथडी असेल तर जातीतलाच घोडा शोधा. भीमेच्या खोऱ्यातल्या या घोड्याला देशात स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे आणि चांगल्या घोड्या आता संकरात घालवणं परवडणार नाही. रेसची थरोब्रेड असेल तर नियम आणखी कडक. शिंगराची नोंद हवी तर नैसर्गिक भरवणीच लागते, कृत्रिम रेतन चालत नाही. स्टड बुक अथॉरिटी पुण्यातच आहे, आधी तिथे विचारा. थरोब्रेडला मारवाडी घोडा लावलात तर शिंगरू थरोब्रेडच्या किंवा मारवाडीच्या नोंदवहीत बसणार नाही. स्वतःच्या स्वारीसाठी हवं असेल तर खुशाल लावा.

यात तडजोड नको अशी एक गोष्ट म्हणजे रोगांचे रिपोर्ट. ग्लँडर्सचा ताजा निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय घोडी ठाणात नेऊ नका. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित घोड्यावर उपचार होत नाहीत, त्याला मारावंच लागतं. सोबत इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया आणि सर्रा यांच्या तपासण्या. तुमच्या घोडीचेही रिपोर्ट घेऊन जा; चांगला मालक ते स्वतःहून मागतो. त्याला हेही विचारा की गेल्या हंगामात किती घोड्या लावल्या, पहिल्याच माजात किती ठरल्या आणि किती उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. वही काढून सांगणारा मालक मिळाला तर तिथे थांबा.

वयस्कर घोडीला एका माजात चार-पाच वेळा भरवू नका. दर वेळी आत घाण जाते. डॉक्टरांनी बीजांड पिकल्याचं सोनोग्राफीत सांगितलं की एकदाच, फार तर दोनदा. घोडीचं शेपूट बांधून, मागचा भाग साध्या पाण्याने धुऊन, मगच. दुसऱ्या दिवशी आत पाणी साचलंय का बघून घ्या. साचलं असेल तर ऑक्सिटोसिन देऊन किंवा धुऊन ते काढता येतं. गोठवलेल्या रेताचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ते आत जेमतेम सहा ते बारा तास टिकतं, त्यामुळे डॉक्टर रात्री-बेरात्री येऊ शकणारे हवेत. घोडी गाभणपण पेलण्यासारखी नसेल आणि वंश मात्र हवाच असेल, तर भ्रूण दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवण्याचाही मार्ग आहे. बिकानेरच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात २०२३ मध्ये असं मारवाडी शिंगरू जन्मलं.

वेळ साधायची तर फेब्रुवारी-मार्चचा माज धरा. साधारण ३४० दिवस धरले की शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत येतं, उन्हाळ्याआधी पायावर भक्कम उभं राहतं. जुलैत भरवलेली घोडी पुढच्या जूनमध्ये चिखलात विते, आणि ओल्या नाळेतून जंतू शिरण्याचा धोका वाढतो.

पैशाचं बोलणं कागदावर घ्या. जिवंत शिंगरू झालं तरच पूर्ण रक्कम, घोडी उलटली तर पुढचा माज मोफत, घोडी त्यांच्याकडे राहिली तर चारा-पाण्याचा खर्च कोणाचा, आणि नोंदणीच्या कागदावर घोड्याच्या मालकाची सही कधी मिळणार, एवढं तरी लिहा. भरवल्यापासून चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करा. जुळं असेल तर ते याच दिवसांत सांभाळून घेता येतं, एक गर्भ दाबून दुसरा वाढू देतात. उशीर झाला तर बहुतेक वेळा दोन्ही जातात. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ठोका दिसला की मालकाला उरलेल्या पैशांची तारीख कळवा, आणि पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यातल्या हर्पिसच्या (गर्भपात घडवणाऱ्या विषाणूच्या) लशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.