सिममधला ऑक्सिजन: या चुका टाळा

विमान 12,000 फुटांवर गेलं आणि तोंडाला मास्क नसला, की दहा सेकंदांत पडदा काळा! लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसाठी मॉडेल बनवणारे अनेक जण ऑक्सिजनचा सगळा कारभार या एका अटीवर उरकतात. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-51डी मस्टँग या लढाऊ विमानाचं मी केलेलं पहिलं मॉडेल, त्यातही हेच होतं. पण हायपॉक्सिया, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडणं, असा येत नाही. 25,000 फुटांवर पुरवठा तुटला तर वैमानिकाच्या हाती कामाची साधारण तीन ते पाच मिनिटं असतात, आणि त्यांतला सुरुवातीचा काळ त्याला बहुधा छानच वाटत असतं. रंग फिके पडतात, नजर कडेने आकसते, साधी बेरीज चुकते. आपलं काहीतरी बिघडलंय हे ओळखणारी अक्कलच आधी जाते. म्हणून अट उंचीवर लावू नका. आत पोचणाऱ्या ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला एकट्या ऑक्सिजनचा वाटा, काढा आणि सगळे परिणाम त्यावर बेता. पडद्यावर ‘ऑक्सिजन कमी’ असं लिहून तर मुळीच दाखवू नका. खऱ्या वैमानिकाला कोण सांगायला येत होतं?

वैमानिक 40,000 फुटांवरही ताजातवाना?

मग वजाबाकी तपासा. श्वासनलिकेतल्या पाण्याच्या वाफेचा दाब 47 मिमी पारा असतो आणि तो उंचीप्रमाणे कमी होत नाही. जमिनीवर हवेच्या 760 मिमी दाबातून 47 वजा करून 21 टक्के घेतले की साधारण 150 येतात. 40,000 फुटांवर हवेचा दाबच 141. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन घेतला तरी 141 वजा 47, म्हणजे 94 उरतात. वजाबाकी राहिली तर कोडला 141 दिसतात आणि वैमानिक जवळपास जमिनीवरच आहे असं त्याला वाटतं. खरी अवस्था मात्र 10,000 फुटांवर साध्या हवेत बसलेल्या माणसासारखी असते, आणि 40,000 च्या वर ती झपाट्याने ढासळते. तिथून पुढे दाब देऊन ऑक्सिजन भरणारा रेग्युलेटर (टाकीतून मास्ककडे जाणारा पुरवठा सांभाळणारं यंत्र) लागतो. मस्टँगचा नेहमीचा रेग्युलेटर फक्त श्वासाच्या ओढीवर उघडणारा होता.

टाकी चुकीच्या वेळी रिकामी होते

‘जितकं वर, तितका खप जास्त’ हे गणित शंभर टक्के ऑक्सिजनवर उलटं पडतं. एका श्वासाचं आकारमान सगळीकडे जवळपास तेच, पण वर वायू विरळ असतो. जमिनीवर मिनिटाला 10 लिटर लागत असतील, तर 33,000 फुटांवर तेवढ्याच श्वासांना जमिनीच्या हिशेबाने 2.6 लिटर पुरतात. रेग्युलेटरचा खटका ‘नॉर्मल’वर असेल तेव्हा गोष्ट वेगळी. खाली बाहेरची हवा बरीच मिसळली जाते, उंची वाढेल तशी ती कमी होते आणि 30,000 फुटांच्या आसपास बंद होते. त्यामुळे खप आधी चढतो आणि मग उतरतो. दोन्ही स्थितींना एकच आलेख लावलात तर दोन्ही चुकतील.

टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजकडेही जरा लक्ष द्या. मस्टँगच्या टाक्या 400 पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच) भरलेल्या असत. 20 अंशांवर भरलेली टाकी उणे 30 पर्यंत गार झाली, तर एक श्वासही न घेता काटा 335 च्या आसपास येतो. खाली उतरताना टाकी तापली की तो पुन्हा वर सरकतो. हा बदल काही मिनिटं घेत सावकाश व्हायला हवा. सरळ पातळीत उडताना किंवा उतरताना काटा भराभर पडला, तर मात्र ती गळती समजायची. मॉडेलमध्ये थंडी घातलीच नाही, तर खेळणाऱ्याला हा फरक ओळखायची वेळच येत नाही.

माझा सगळ्यांत आवडता भाग म्हणजे ब्लिंकर, श्वासागणिक उघडमीट करणारी ती छोटी खिडकी. बरेच जण तिला ठरावीक सेकंदांच्या टायमरला बांधतात आणि तिचा अर्थच घालवतात. तिला रेग्युलेटरमधून वाहणाऱ्या वायूला जोडा. मास्कची नळी निसटली की श्वासाची ओढ रेग्युलेटरपर्यंत पोचत नाही. ब्लिंकर थांबतो, पण गेज 400 वर शांत असतं. फक्त गेज बघणारा त्या दिवशी मरतो.

आधुनिक विमानात दोन गोष्टी पाहा. विमानाची उंची आणि कॉकपिटची उंची (आतला दाब जितक्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती) एक धरू नका. एफ-16 चं कॉकपिट 23,000 फुटांपर्यंत 8,000 वर राहतं आणि पुढे बाहेरपेक्षा 5 पीएसआय जास्त दाब ठेवतं. 40,000 वर आत साधारण साडेसोळा हजार फुटांची हवा असते. दुसरं, एफ/ए-18सी सारख्या विमानात ऑक्सिजन इंजिनाच्या हवेतून चाळून मिळतो. तिथे टाकी संपवत बसू नका. इंजिनाची हवा बंद झाली की पुरवठा तुटला पाहिजे.

शेवटची चाचणी अशी घ्या: 25,000 फुटांवर नळी काढा, वैमानिकाला ढासळू द्या आणि शुद्धीत आहे तोवरच पुन्हा जोडा. साधारण अर्ध्या मिनिटात रंग आणि नजर परत यायला हवी. मिनिटंच्या मिनिटं लागत असतील, तर सावरण्याचा वेग कोडमध्ये वेगळा ठेवा.