नेटलवरचा मावा असू द्या
ब्रिटनमध्ये परसबाग करत असाल तर कुंपणालगतचं नेटलचं झोंबरं तण सगळंच्या सगळं उपटू नका. त्यावरचा ३ ते ४ मिमीचा, लांब पायांचा हिरवा किंवा गुलाबी मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) नेटलवरच जगतो; घेवड्याला किंवा गुलाबाला तो लागत नाही. मे महिन्यात, पिकावर मावा जेमतेम असताना, तो खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) पोटभर खायला मिळतं ते इथेच.

जूनच्या मध्याला पानं उलटून बघा. करड्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, सुसरीसारख्या अळ्या ढालकिड्याच्या. फुगून तपकिरी, कडक झालेल्या माव्यात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. अळ्याच जास्त असतील तर तण कापायला थांबा: त्यांना पंख नसतात, तण वाळलं की त्या उपाशी मरतात. पंखवाले ढालकिडे भरपूर दिसू लागले की हातमोजे घालून निम्माच पट्टा कापा आणि कापलेलं दोन दिवस तिथेच पडू द्या. किडे शेजारच्या पिकावरच्या माव्याकडे वळतात. उरलेल्या निम्म्यावर फुलपाखरांच्या काळ्या काटेरी अळ्या पोसतात, म्हणून तो राखायचाच. नेटलवर साबणाचं पाणीही फवारू नका. मऊ अंगाच्या मित्रअळ्याही त्याने मरतात.