गिनी पिगचा पिंजरा घरीच कसा बनवायचा (आणि आतलं सामानसुद्धा)

दुकानात गिनी पिगसोबत जो पिंजरा देतात ना, दोन बाय दीड फुटाचा आणि खाली तारेची जाळी, तो घेऊच नका. जाळीवर बसून बसून तळपायांना आधी घट्टे पडतात मग जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. दोन-तीन मजली पिंजरासुद्धा उपयोगाचा नाही, कारण हा चढणारा प्राणी नाही, पळणारा आहे, त्याला जमीन लागते. दोघांना कमीत कमी साडेसात चौरस फूट सपाट जागा हवी, जमलं तर दहाच्या वर द्या. आणि दोघं म्हणतेय कारण एकटा ठेवायचाच नाही, कळपातला जीव आहे तो.

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये चिंगी आणि गुंडीसाठी मी हॉलच्या कोपऱ्यात घर बनवलंय. कपड्यांचे रॅक जोडायला 14 इंची चौकोनी जाळ्या ऑनलाइन मिळतात, तशा 12 घ्या, लांबीला चार-चार आणि रुंदीला दोन-दोन लावून केबल टायने बांधा, टायची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला राहू द्या. जाळीची भोकं दीड इंचापेक्षा मोठी नकोत, डोकं अडकतं. तळाला सनपॅक शीट, तीच हो, निवडणुकीच्या बोर्डांची. फ्लेक्सवाल्याकडे आठ बाय चार फुटांची मिळते. त्यातून 40 बाय 67 इंचांचा तुकडा कापायचा, चारही कडांपासून 6 इंच आत कटरने अर्धवट चीर द्यायची (आरपार नाही!), चीर बाहेरच्या बाजूला ठेवून कडा उभ्या दुमडायच्या, कोपरे कापून एकावर एक घ्यायचे आणि पॅकिंग टेप फक्त बाहेरून लावायची. आतून लावली तर कुरतडून खातात. झाला साडेदहा चौरस फुटांचा ट्रे, तो जाळ्यांच्या आत बरोबर बसतो. घरात मांजर असेल तर वर झाकण हवंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गवताचा कोपरा. गिनी पिग जिथे खातात तिथेच शी-शू करतात, बसून खाता खाताच. हे एकदा लक्षात आलं की साफसफाईचं अर्धं काम कमी होतं, म्हणून बाकी काही नाही केलं तरी हे कराच. एका टोकाला दोघी शेजारी शेजारी बसतील एवढा पसरट प्लास्टिकचा ट्रे ठेवा, त्यात कागदाचा लगदा किंवा जाड कागदाचे तुकडे घाला, आणि त्याच्या मागे पिंजऱ्याच्या भिंतीपासून तीन इंच अंतर सोडून एक जादाची जाळी उभी बांधा. त्या फटीत वरून गवत ठासून भरायचं आणि वर पुठ्ठा लावायचा म्हणजे आत उडी मारणार नाहीत. गवताचे गोल बॉल मिळतात ते नको, मान अडकते. गवत चोवीस तास हवं, दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चघळूनच झिजतात. टिमोथी (यांच्यासाठी मिळणारं सुकं गवत) महाग पडतं हे खरंय, पण लसूणघास रोज घालून पैसे वाचवू नका, त्यात कॅल्शियम जास्त असतं, मोठ्या जनावराला मूतखड्याचा त्रास होतो. फुलवाल्याकडची दूर्वेची जुडी मात्र धुऊन, निथळून बिनधास्त द्या, जुडीचा दोरा काढून.

तळाला बाकी ठिकाणी फ्लीसचं ब्लँकेट कापून घाला. नवीन फ्लीस पाणी आत सोडत नाही, चार-पाच वेळा धुवावं लागतं, फॅब्रिक कंडिशनर न घालता. त्याखाली शोषणारं काहीतरी हवं आणि इथे मी चुकले होते, जुना टर्किश टॉवेल घातला होता. एके सकाळी कोथिंबिरीची पिशवी वाजली तरी गुंडी ओरडत आली नाही, कोपऱ्यातच बसून. उचलून बघते तर टॉवेलच्या कडेचा सुटलेला दोरा मागच्या पायाच्या बोटाला तीन वेढे बसलेला आणि बोट जांभळं पडलेलं. नखं कापायच्या छोट्या कात्रीने दोरा काढला, डॉक्टरकडे नेलं, बोट वाचलं. तेव्हापासून आमच्याकडे बाळांची ड्रायशीट, आणि कडा फ्लीसच्या आत दुमडलेल्या. जुनी गोधडी वापरणार असाल तर आधी टाके तपासा.

लपायच्या जागा दोघींना दोन, आणि प्रत्येक जागेला दोन दारं, नाहीतर एक आत बसते आणि दुसरीला कोंडून मारते. पुठ्ठ्याचं खोकं चालतं, टेप आणि स्टेपलरच्या पिना काढून. चिकटवायचंच असेल तर कणकेची खळ करा, खाल्ली तरी काही होत नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून आतून फ्लीस शिवलं की मस्त बोगदा होतो, बटण-चेन नसलेला भाग घ्या. बांबूची रंग न दिलेली टोपली उपडी घालून दोन दारं कापली तर त्या ती राहायलाही वापरतात आणि कुरतडायलाही. टिश्यूच्या रोलमध्ये गवत भरून द्यायचं असेल तर तो आधी उभा चिरा.

सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका, त्यात प्लायवूडचा डिंक आणि बारीक धूळ असते, श्वासाला त्रास होतो. हॅम्स्टरचं चाक आणि बॉलही नको, यांचा पाठीचा कणा तसा वाकत नाही.

उन्हाळ्यात 27-28 अंशांच्या वर गेलं की जपा, यांना घाम येत नाही. शहाबादी फरशीचा तुकडा एका कोपऱ्यात ठेवा, दुपारी त्यावर पसरून झोपतात, आणि बाटलीत पाणी गोठवून ती नॅपकिनमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा. पिंजरा गॅलरीत नाही, पंख्याच्या खोलीत, पण थेट पंख्याखाली नाही.

फ्लीस दर तीन-चार दिवसांनी बदला, पण सगळं एकदम नको, एखादा जुना तुकडा राहू द्या, आपला वास नसला की त्या बावरतात. ट्रेवर लघवीचे पांढरे डाग बसतात ते पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. आणि धुवायला टाकताना फ्लीस आधी बाहेर झटकून, उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधून मगच मशीनमध्ये टाका, नाहीतर गवताच्या काड्यांनी फिल्टर तुंबतो.